उतारांचा हिशोब

कात्रज ते सिंहगड या धारेवर टेकड्या किती, यावर लोक हिरिरीने भांडतात. कुणी तेरा म्हणतं, कुणी सोळा. मी खिंडी मोजतो, कारण माणूस मोडतो तो खिंडीत उतरताना.

उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून माझं जुनं वेळापत्रक निकामी झालं. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला ठोकताळा मी वर्षानुवर्षं वापरला: तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक. उतरणीला त्यात वेळच धरलेला नाही. जानेवारीत गवत वाळून मुरूम उघडा पडला, की त्या घसाऱ्यावर माझा प्रत्येक उतार आता चढाएवढा वेळ खातो.

वाट पश्चिमेला जाते. कात्रजच्या वाघजाई मंदिरापासून दुपारी निघालं की सूर्य समोर येत जातो आणि मावळतीला सिंहगड, त्यावरचा मनोरा, आभाळावर काळा उमटतो. त्या वेळी माझ्याबरोबरची मंडळी माथ्यावर हवीत, खिंडीत नकोत. एवढ्यासाठी मी निघायची वेळ पाव-पाव तासाने मागेपुढे करत आलो. सगळे गप्प होतात तेव्हा मी गडाकडे बघत नाही, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघतो. हे मी घडवलं, असं मला वाटतं, आणि ते फार आवडतं.

पौर्णिमेला इथे जथेच्या जथे निघतात. लख्ख चांदण्यात कपाळावर दिवे लावून शर्यत लावतात, त्याचा मला राग येतो. उजव्या हाताला अख्खं पुणं उजळलेलं असतं आणि यांना दिसतात पुढच्याच्या टाचा.

माझा पेच वेगळा आहे. सूर्यास्तानंतरचे उतार बॅटरीच्या उजेडात गुडघ्याला झेपत नाहीत. पहाटे निघावं तर सूर्य पाठीशी, गड सपाट दिसतो. उलट दिशेने यावं तर गडच पाठीमागे राहतो. सूर्यास्त शेवटच्या टेकडीवर गाठायचा तर साडेअकराला निघायला हवं. धारेवर ना सावली, ना पाणी. माणशी चार लिटर घ्यायचं, म्हणजे पाठीवर चार किलो, आणि तो भार पुन्हा गुडघ्यावरच.

भाची म्हणते, "मामा, अलीकडच्या टेकडीवर थांबू. अंधारात मी पुढे चालते, तू माझ्या पावलावर पाऊल टाक."

पुढे चालणं मला सोडवत नाही. यंदा साडेअकराच. माझं पाणी तिच्या पाठीवर.