पहिली शिकार : आधी उतरायची वाट



एरवी या पानावर छाटणी, पाणी, फवारणी याच नोंदी असतात. आज जरा वेगळं लिहितोय. पीचचा हंगाम संपला, लसूणघासाची शेवटची कापणी गंजीला लागली, आणि या महिन्याच्या शेवटी मी आयुष्यात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला डोंगरात जाणार आहे.

नवीन वाचकांसाठी सांगतो, मी मूळचा कर्जत तालुक्यातला, रेहेकुरी अभयारण्याच्या बाजूचा. सध्या अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पेओनिया गावाजवळ फळबाग करतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, रानडुक्कर आणि रोह्याच्या परवान्याचा विषय वेगळा. तेव्हा हे वाचून तिकडे कोणी काही करायचं मनात आणू नका. ही नोंद इथली आहे.

इथलं हरीण म्हणजे म्यूल डिअर. खेचरासारखे लांब कान, म्हणून हे नाव. काळविटाचा हा सगा नाही, सांबर-चितळाच्या कुळातला आहे. नराची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात. ती नवी शिंगं खाजवायला त्याला नेमकी आमची दोन वर्षांची पीचची रोपं लागतात. मागच्या सप्टेंबरात एका आठवड्यात चाळीसेक रोपांची साल सोलली. उरलेल्यांचे शेंडे हिवाळ्यात माद्या-पिल्लांनी खाल्ले. वडील ज्वारीत माचणावर बसून हरणं हाकायचे, तो राग मला अनुवंशाने मिळालाय. त्या रागातच मी अर्ज भरला, हे खरं सांगतो.

इथे मनात आलं आणि बंदूक घेऊन निघालं असं होत नाही. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम करावा लागतो. हरणाच्या रायफल हंगामाचे परवाने मोजके असतात. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज, मग सोडत. कुठला विभाग, कुठले दिवस, नर की मादी, सगळं परवान्यावर छापलेलं. शिकाऱ्यांनी भरलेल्या पैशातूनच शेतकऱ्याला वन्यप्राण्यांच्या नुकसानीची भरपाई आणि कुंपणाचं साहित्य मिळतं. माझ्या नव्या बागेचं आठ फुटी कुंपण तसंच आलं. म्हणजे परवाना हातात पडला तोवर माझ्या रोपांचा प्रश्न बराचसा सुटला होता! मग आता जायचं कशाला?

हाच प्रश्न आईने फोनवर विचारला. आई माळकरी आहे. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "बाळा, कुंपण झालं ना? मग त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या म्हातारबांकडे गेलो. लसूणघास पिकवतात, चाळीस वर्षं शिकार केलेली. मी कुठली रायफल, कुठली दुर्बीण, याची यादी घेऊन गेलो होतो. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बंदुकीचं नंतर बघू. आधी पाठपिशवी आण. जिथून मांस खाली आणता येणार नाही, तिथे गोळी झाडायची नाही."

त्या दिवसापासून माझं नियोजन उलटं सुरू झालं. ऊस लावायच्या आधी तोडीचं बघावं, तसं.

हिशोब असा. मोठा नर जिवंत ऐंशी-नव्वद किलोचा. हाडं काढून मांस तीसेक किलो, वर डोकं-शिंगं. म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या गोणीच्या आसपास. मांस टाकून फक्त शिंगं आणणं हा इथे गुन्हा आहे. चारही पाय, पाठीचे पट्टे, आतले मऊ पट्टे, सगळं उतरवावं लागतं. आणि कुठून? पेओनिया गावच 1,730 मीटरवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडं उंच. मी जाणार ते रान 3,000 मीटरच्या आसपास. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने दर श्वासाला ऑक्सिजन तीस टक्के कमी.

ऑगस्टमध्ये मी पिशवीत वीस किलो खत भरून तो चढ चढून बघितला. चढताना दम लागला, पण उतरताना गुडघे बोलले. दोन खेपा करायच्या तर गाडीवाटेपासून तीन किलोमीटरच्या पुढे माझं काम नाही, हे कळलं. नकाशावर तेवढी रेघ मारली. रेघेपलीकडे कितीही मोठा नर दिसला तरी फक्त बघायचा.

दुसरी रेघ बांधाची. सरकारी जंगल आणि खाजगी रान एकमेकांत घुसलेलं आहे. इथे खाजगी जमिनीवर पाटी नसली तरी हद्द ओळखणं शिकाऱ्याचं काम, परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. बांधाची भांडणं आपण बघितलीत, म्हणून फोनमध्ये हद्दीचा नकाशा उतरवून घेतला, आणि कागदाचाही एक जवळ ठेवलाय. थंडीत बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

वारा तर आपल्याला शिकवायला नको. पहाटे गार हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. हरणाचं नाक त्यावरच चालतं. म्हणून अंधारात बाजूच्या सोंडेने चढायचं, उजाडायला वर बसून दुर्बिणीने समोरचा उतार पाहायचा. उजाडताना ती झुडपात चरतात, ऊन वर आलं की उत्तरेच्या सावलीत बसतात. ऑक्टोबरअखेर मोठे नर दाट झाडीत दडून असतात. त्यांचा माजाचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून, तेव्हा ते उघड्यावर येतात. म्हणजे रिकाम्या हाताने परतायची शक्यता भरपूर.

माझे बाकी नियम कागदावर लिहून कपाटाला चिकटवलेत:

1. 200 यार्डांच्या आतच नेम. त्याच्या पुढे माझी गोळी दर वेळी जागेवर बसत नाही, रेंजवर बघितलंय.
2. धाप लागलेली असताना ट्रिगरला बोट नाही.
3. मावळतीनंतर अर्धा तास शिकारीची मुभा आहे, पण मी सूर्य टेकायच्या तासभर आधीच थांबणार. जखमी जनावर अंधारात शोधायची पाळी नको.
4. गोळी तांब्याची. शिशाचे बारीक कण मांसात राहतात, घरात पोरं खाणार आहेत.
5. कातडं लगेच उतरवायचं, मांस हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत, सावलीला टांगून गार करायचं.
6. इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा असाध्य रोग आहे. डोकं तपासणीला द्यायचं, अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. रोग निघाला तर खायचं नाही.
7. अंगावर आणि डोक्यावर भडक केशरी कपडे. सौ.ला रोज संध्याकाळी सॅटेलाइटवरून निरोप.

यादी वाचून सौ. म्हणाली, "अहो, यात मारायचं कधी ते कुठे लिहिलंय? सगळं न मारायचंच आहे की." बरोबर आहे तिचं. सहा महिन्यांत मी मुख्यतः कुठे थांबायचं तेच शिकलो.

आईला परवा परत फोन केला. म्हटलं, राग आता तेवढा नाही. चार वेळा डोंगरात जाऊन आलो, पोटभर बघितली ती. पण दुकानातलं मटण आम्ही खातोच, ते कोणीतरी कापलेलं असतं. एकदा सगळं काम स्वतःच्या हाताने करून बघायचंय, नाहीतर मग खाणं सोडायचं. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "नीट जा. आणि हात थरथरला तर परत ये. त्यात लाज नाही."

तेवढा आठवा नियम यादीत खाली लिहिलाय.

निघायला अजून बारा दिवस आहेत. तोवर ठिबकच्या नळ्या रिकाम्या करून गुंडाळायच्यात, नाहीतर गोठून फुटतील. आल्यावर काय झालं ते लिहीन, रिकाम्या हाताने आलो तरी. तुमच्याकडे हरणांनी यंदा ज्वारी-हरभऱ्याचं काय केलं, कुठलं कुंपण टिकलं, ते खाली जरूर लिहा.