एक पायरी खालीं

सांगलीच्या एका शाळेंत मीं तीस वर्षें मराठी शिकविलें. वाचनाची परीक्षा घेणें म्हणजे माझ्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती. मुलाला उभें करावें, धडा उघडावा आणि तो अडखळला कीं ‘बस खालीं’ म्हणावें.

२०२२ सालीं सातारा जिल्ह्यांत बहिणीकडे गेलों असतां ‘असर’चे दोन स्वयंसेवक ओसरीवर आले. ‘प्रथम’ संस्थेची ही पाहणी २००५ सालीं सुरू झाली. खेडोपाडीं घरीं जाऊन ती मुलांचें वाचन तपासते. त्यांनीं बहिणीच्या सातवींतल्या नातवापुढें पहिलीच्या पातळीचा उतारा ठेविला. पोर अडखळलें. ‘बस खालीं’ माझ्या ओठांवर आलें. पण त्या मुलीनें त्याला सुटे शब्द वाचावयास दिले. पांचांपैकीं चार त्यानें वाचले, तेव्हां तिनें तोच उतारा पुन्हां पुढें केला. या खेपेस त्यानें तो वाचला! मग गोष्ट आली. शब्दही न येते, तर ती अक्षरांपर्यंत उतरली असती.

संगणकावरच्या नव्या चाचण्याही याच न्यायानें चालतात. उत्तर बरोबर आलें कीं पुढचा प्रश्न अवघड, चुकलें कीं सोपा. मुलगा जेथें उभा आहे, तेथपर्यंत परीक्षेनेंच जावयाचें.

त्या रात्रीं मला माझा एक विद्यार्थी आठवला. दोन वर्षें मीं त्याला खालीं बसविलें. तिसऱ्या वर्षीं तो शाळेंत आलाच नाहीं. त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं ‘वाचन कच्चें’ असा शेरा मारला होता. कोठें कच्चें, तें लिहिलें नव्हतें. कारण तें मीं कधीं पाहिलेंच नव्हतें.