पॅनेलच्या दारातला कागद

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मेन स्विचच्या खोक्याच्या दाराला आतून बाबांच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, कधी बदलला, सगळं त्यात. "पाचच तर स्विच, त्यांची यादी कशाला?" म्हणून मी त्यांना खूप चिडवलंय.

मी इमारतींच्या ऑटोमेशनचं काम करते. मागच्या वर्षी एका रुग्णालयात पंपाचा जुना कंट्रोलर बदलायला गेले होते. नव्या कंट्रोलरला आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे द्यावे लागतात. १०.१०.५.२४ या पत्त्याला पिंग केलं, उत्तर आलं नाही. मोकळा आहे असं धरून तोच दिला. बॅकनेटचा पोर्ट ४७८०८ तपासला, डिव्हाइस क्रमांक वेगळा ठेवला. पंप स्क्रीनवर दिसला आणि मी घरी आले.

रात्री अकराला ऑपरेटरचा फोन. ऑपरेशन थिएटरचं तापमान स्क्रीनवर येत होतं, मध्येच गायब होत होतं. तिथला कंट्रोलर आपलं काम करत होता, हवा थंड होती. पण बिघाड झाला असता तर अलार्म कुणापर्यंत पोचला नसता. सकाळी सातला शस्त्रक्रिया होती.

तिथे पोचून लॅपटॉपवर एआरपी टेबल पाहिलं. १०.१०.५.२४ पुढे एकदा एक मॅक पत्ता, थोड्या वेळानं दुसराच. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! मी दुपारी पिंग केलं तेव्हा थिएटरचं पॅनेल दुरुस्तीसाठी बंद होतं. कुलूप लावलेलं घर मी रिकामं समजले होते.

घरी फोन केला. बाबा जागेच होते.

"पॅनेलच्या दारात कागद नव्हता?"

प्लास्टिकचं पाकीट होतं, रिकामं. माझ्या पॅनेलमध्ये तरी मी कुठे काही लिहून ठेवलं होतं?

पंपाच्या कंट्रोलरला दुसरा पत्ता दिला, मुख्य संगणकावरही बदलला. दीडच्या सुमाराला तापमान स्थिर दिसायला लागलं. मग पहाटेपर्यंत एकेक पॅनेल उघडून पत्ता, डिव्हाइस क्रमांक, कंट्रोलर कशाचा, असं लिहून आत कागद लावत गेले.

सकाळी घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिला.

"तारीख राहिली," म्हणाले.

दुपारी परत जाऊन घातली.