वाईनच्या चर्चेत मजूर कुठे आहे?

वाईनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, वाईन म्हणजे दारू नाही, शेतकऱ्याचा माल आहे. दुसरा म्हणतो, बाटलीत भरली की सगळी दारूच. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा हेच भांडण रंगलं. मग हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय बारगळला. एवढ्या गदारोळात बागेत राबणाऱ्या मजुराचं नाव मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही.

हे प्रकर्षाने जाणवलं ते दक्षिण आफ्रिकेत. खरड छाटणी उरकून आमच्या भागातले काही द्राक्ष बागायतदार मे महिन्यात केपटाऊनकडे अभ्यास दौऱ्याला निघाले. पत्रकार म्हणून मीही त्यांच्यासोबत गेलो.

केपटाऊनजवळ ग्रूट कॉन्स्टॅन्शिया नावाची वाईन इस्टेट आहे. १६८५ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रमुख सायमन व्हॅन डर स्टेल याला ही जमीन मिळाली. तिथे पैसे भरले की एकेक करून पाच वाईन चाखायला देतात. घोट तोंडात घोळवायचा, वाटलं तर गिळायचा, नाहीतर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. आमच्यातल्या दोघा माळकऱ्यांनी नुसता वास घेतला.

आधी सोव्हिन्यॉ ब्लाँ. फिकट, आंबटसर, कापलेल्या गवतासारखा वास. मग शार्दोने, जरा जड. तिसरी पिनोटाज. ही खास तिथलीच जात. १९२५ मध्ये स्टेलनबॉशला पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून तयार केलेली. चौथी शिराझ. ती प्यायल्यावर आमचे एक काका म्हणाले, "हिरडा चावल्यासारखं वाटतंय." बरोबरच आहे, तो तुरटपणा सालीचा आणि बियांचा. आपण थॉमसनचा मणी फुगवायला डिपिंग करतो, इथे मणी बारीक आणि साल जाड हवी. रंग आणि चव तिथूनच येते. शेवटची गोड, मस्कतच्या द्राक्षांची. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठी कॉन्स्टॅन्शियाची गोड वाईन जायची, असं सांगतात. ती मात्र सगळ्यांना आवडली.

तिथल्या जुन्या वाड्याचं आता संग्रहालय झालंय. वाईन चाखून झाल्यावर तिकडे गेलो. ही बाग गुलामांच्या कष्टावर उभी राहिली, हे तिथे सरळ सांगतात. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटं आणि आपला बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा, इथून माणसं विकत आणलेली. खुद्द व्हॅन डर स्टेलच्या आईची आई भारतातली, गुलामीतून सुटलेली बाई होती. तिचा उल्लेख 'गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका' असा होतो. तिचा नातू पुढे केपचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या बागेत गुलाम राबले.

१८३० च्या दशकात गुलामी कायद्याने संपली, पण मजुराची सुटका झाली नाही. तिथे 'डॉप' नावाची पद्धत होती. मजुरीचा काही भाग वाईनमध्ये द्यायचा, तीही विकायला नको असलेल्या हलक्या मालाची. दिवसातून अनेकदा ठरलेलं माप हातात ठेवायचं. मजूर व्यसनात अडकला की शेत सोडून जात नाही, हा हिशेब. १९६० च्या दशकात यावर बंदी आली, पण अनेक शेतांवर ती पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली. परिणाम आजही दिसतो. गरोदरपणातल्या दारूमुळे मेंदूला कायमची इजा घेऊन जन्मणाऱ्या मुलांचं प्रमाण जगात जिथे सर्वाधिक आहे, त्यात या वाईनपट्ट्यातल्या वस्त्या येतात. पगार म्हणून पाजलेली दारू नातवंडांपर्यंत पोचली.

आता कुणी म्हणेल, हे वाईनचं झालं, आपलं बहुतेक द्राक्ष खायचं. तर २०१२ चा संप बघा. तो पेटला डी डूर्न्सला, म्हणजे युरोपला खायची द्राक्षं पाठवणाऱ्या भागात. आपले निर्यातदार ज्यांच्याशी स्पर्धा करतात तेच हे लोक. मजुराला दिवसाला किमान ६९ रँड मिळायचे, मागणी होती १५० ची. रस्ते अडले, जाळपोळ झाली, माणसं मेली. २०१३ मध्ये किमान मजुरी १०५ रँड झाली.

मजुरीत दारू देण्याची पद्धत आपल्या बागांत मी पाहिलेली नाही, हे आधीच सांगतो. पण उचल आहे. पेठ, सुरगाण्याकडच्या टोळ्या छाटणीला दिंडोरी, निफाडला येतात. आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादमाला नाही म्हणता येत नाही. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं, पोरांची शाळा तेवढे महिने बुडते. बागायतदारही सुखात नाही, मान्य. अवकाळी, औषधांचा खर्च आणि पैसे बुडवून पळणारा व्यापारी त्याच्याच नशिबी. म्हणून टोळीचा हिशेब मांडूच नये का?

राज्याचं वाईन धोरण २००१ पासून आहे. करसवलत, विक्री, पर्यटन यावर बोलणं होतं. पुढच्या वेळी हा विषय येईल तेव्हा वाईन दारू आहे की नाही, हे जरूर भांडू. सोबत एवढंही विचारू की सवलत घेणाऱ्या कारखान्याला द्राक्ष देणाऱ्या बागेत किमान मजुरी मिळते का, राहायला जागा कशी आहे, टोळीतलं पोर कुठल्या शाळेत जातं. युरोपचा ग्राहक द्राक्षात औषधाचा अंश किती हे तपासतो आणि आपण निमूटपणे ते पाळतो. मग हेही पाळता येईल.

बागायतदार मित्रांनी, आणि टोळीत काम केलेल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनीही, आपला अनुभव जरूर लिहावा. मतभेद असले तरी चालतील, फक्त शिवीगाळ नको.