दोन जाळ्यांमधली वेस

प्रवाहाचे गणित संगणकावर मांडायचे तर आधी त्यावर जाळी टाकावी लागते. नळी असो वा नदी, तिची हजारो लहान घरे करायची आणि घरागणिक वेगाचा व दाबाचा एकेक आकडा बसवायचा. पुण्यात याच कामावर माझे पोट चालते.

काही वर्षांपूर्वी एका लांब नळीतला प्रवाह मी विरळ जाळीवर सोडवला. नळीच्या टोकाशी वेग कुठे किती आहे याची बिंदूवार यादी, जिला आम्ही प्रोफाइल म्हणतो, ती पुढच्या व्हॉल्व्हच्या दाट जाळीला प्रवेशद्वारी दिली. वरकरणी हे कारकुनी काम. पहिल्या खेपेस मिलिमीटर आणि मीटर यांची गल्लत झाली आणि चित्र इतके विचित्र आले की चूक तत्काळ कळली. न कळणारी चूक भिंतीपाशी होती. भिंतीला टेकलेले पाणी स्थिर असते. तिथून वेग झपाट्याने चढतो. विरळ जाळीचा शेवटचा बिंदू भिंतीपासून थोडा अलीकडेच थांबला होता, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दाट जाळीची पाच-सहा घरे होती. त्यांना विचारायला जवळ दुसरे कोणी नव्हते. सर्वांनी त्याच शेवटच्या बिंदूचा वेग उचलला. १०० लिटर निघालेले पाणी वेशीवर १०४ लिटर झाले.

मी सगळ्या वेगांना एकाच गुणकाने कात्री लावली. बेरीज जुळली. भिंतीजवळच्या खोट्या वेगाचा दंड मध्यावरच्या खऱ्या झोताने भरला, आणि अहवालात मी लिहिले, ‘प्रवाह जुळतो.’ हे वाक्य खोटे नव्हते, हीच त्यातली अडचण.

माझे आजोळ आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला. आषाढात मंचरहून डिंभ्याकडे निघालात तर तासाभरात तीन प्रकारचे पाऊस भेटतात. मामा म्हणतात, “वरचा पाऊस निराळा रे बाबा, आमचा निराळा.” सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेला उतरताना पाऊस ज्या वेगाने घटतो, तो उतार मला त्या भिंतीजवळच्या पट्ट्यासारखा वाटतो. हवामानाचे गणितही हेच करते: पृथ्वीभर पसरलेली विरळ जाळी प्रादेशिक दाट जाळीच्या कडांना वारा, बाष्प आणि तापमान पुरवते. कडेवर जे पोचले नाही, ते आतल्या जाळीला बहुधा स्वतःच घडवावे लागते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला बातमी दिली ती एसटीच्या चालकाने. नेहमीचे गाव त्याला जागेवर दिसले नाही. त्या काळी आपल्याकडच्या जागतिक प्रतिरूपाचे एक घर सुमारे २३ किलोमीटरांचे होते. तेवढ्या चौकोनात माळीण आणि घोडेगाव दोन्ही सहज मावतात, आणि चौकोनाला पाऊस एकच. २०२५ साली पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत घडलेले ६ किलोमीटरांचे प्रतिरूप वापरात आले. घर बारीक असते तर गाव वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. दरड कोसळायला पावसाखेरीज उतार लागतो, माती लागते, आणि ती या जाळीत नसतात. पण सरासरी बरोबर असूनही डोंगराचा वाटा तिच्यातून पुसला जातो, एवढे मला माझ्या व्हॉल्व्हवरून ठाऊक होते.

२०१७ मध्ये वसलेले नवे माळीण पाहून परतलो त्या आठवड्यात जुनी फाइल पुन्हा उघडली. नळीच्या भिंतीपाशी घरे वाढवून गणित नव्याने चालवले. रात्र गेली. तक्त्यात दोन रकाने वाढवले: वेशीपूर्वीचा कमाल वेग आणि वेशीनंतरचा. खाली गुणक लिहिला, तो का लावला होता तेही लिहिले, आणि सुधारित प्रत वरिष्ठांकडे पाठवली. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: मग आधीच्या बाकीच्या अहवालांचे काय?

ते अकरा आहेत. चौथ्यावर काम चालू आहे.