पिकते, पण पीक नव्हे

जूचंद्रची दिवाळीतली रांगोळी एकदा पाहायचीच, असा सौभाग्यवतींनी गेली तीन वर्षे लकडा लावला होता. माझा एक विद्यार्थी त्याच गावचा. यंदा त्याने फराळालाच बोलावले. वसईरोडला उतरून दिव्याकडे जाणारी गाडी धरली. पहिलेच स्थानक जूचंद्र!

टेकडीवर चंडिकादेवीचे दर्शन घेतले, रांगोळ्या पाहिल्या. चिमटीतून सुटलेल्या भुकटीने माणसांचे चेहरे असे हुबेहूब उमटले होते, की रांगोळीतल्या एका आजीबाईंसमोर सौ.ने नकळत पदर सावरला.

विद्यार्थ्याचे वडील घरी नव्हते. भाताची कापणी आटोपून ते मिठागरावर गेले होते. आम्हीही तिकडेच वळलो. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मीठ, हे इथल्या आगरी माणसाचे जुने वेळापत्रक. आता आजूबाजूला इमारती उठल्या, काही आगरे पडीक झाली. या आगरात मात्र वडील आणि त्यांचे एक शेजारी गुडघाभर चिखलात बांध लिंपत होते. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवायचे, उन्हाने आटवायचे, मग मीठ ओढून ढीग लावायचे. पण त्याआधी हा चिखल!

"सरकारी मदत मिळते ना?" मी शहरी माणसाचा ठरलेला प्रश्न विचारला.

"मला मिळते," वडील म्हणाले. "सातबाऱ्यावर नाव हाय. याला नाय."

त्यांच्या नावावर भाताचे दहा गुंठे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, २०१९ पासून येतात. राज्य सरकारनेही २०२३ मध्ये तेवढ्याच रकमेची जोड दिली. जमीन दहा गुंठे असो की दहा एकर, रक्कम तीच. शेजाऱ्यांच्या नावावर गुंठाही नाही, म्हणून हप्ताही नाही.

"पण मीठही पिकतेच की!" मी मराठीचा मास्तर, शब्दावर अडलो.

शेजारी हसले. "सर, आमच्या तोंडी पिकतं. कागदावर पिकत नाय."

खरेच. राज्यघटनेत शेती राज्यसूचीत आणि मीठ केंद्रसूचीत. पीकविम्याच्या यादीत भात आहे, मीठ नाही. अवकाळी पावसाने भात भिजले तर त्याला निदान नुकसान म्हणतात. मिठाचा ढीग विरघळला तर मागे पाहायलाही काही उरत नाही. १९३० साली याच मिठासाठी धारासनाला आणि आपल्या शिरोड्याला माणसांनी लाठ्या खाल्ल्या. मिठावरचा कर १९४७ मध्ये गेला, पण मीठ पिकवणारा काही शेतकरी झाला नाही.

दोघे एकाच चिखलात उभे होते. पाय सारखेच भेगाळलेले. मी दूर उभा राहून पाहिले; कोणाचे नाव सातबाऱ्यावर आहे, हे काही ओळखता येईना.

निघताना शेजाऱ्यांनी गेल्या हंगामातले जाडे मीठ पुडीत बांधून दिले. सौ. पैसे देऊ लागली, तर ते म्हणाले, "वहिनी, दिवाळीचं मीठ इकत नाय कुणी."

परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण मात्र रोज त्यांचे मीठ खातो."

पुडी माझ्या मांडीवर होती. एवढीशीच, पण जड वाटली.