तापीच्या गोड्या पाण्याचं सुतक

खानदेशाला समुद्र नाही. तरी तापीच्या मुखाशी पाणी किती खारट असावं, हे बरंचसं आमच्याकडे ठरतं. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेपलीकडे खंभातच्या आखातात शिरते. तिचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं. त्यातलं ५१,५०४ एकट्या महाराष्ट्रात. सातपुड्याच्या उतारांवरून, पूर्णेच्या काळ्या रानांतून, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर यांच्या पात्रांतून जे पाणी निघायचं, तेच मुखाशी गोडं पाणी म्हणून पोचायचं. पावसाळा सरला की ते आता जेमतेमच पोचतं. न पोचलेल्या त्या पाण्याचं सुतक कुणी पाळलं नाही.

नदी समुद्राला भेटते ती एका रेषेवर नव्हे. भरतीचं खारं पाणी जड, ते तळाने आत सरकतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून बाहेर निघतं. दोघांच्या अंगाला अंग लागून जे निमखारं पाणी होतं, त्यात जगणाऱ्यांची एक वेगळीच वस्ती असते. पाला मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुराच्या गढूळ पाण्यातून नदी चढतो. नदीतली मोठी कोळंबी नेमकी उलट वागते. तिची पिल्लं गोड्या पाण्यात तगत नाहीत, म्हणून पोटाशी अंडी धरून ती खाली, निमखाऱ्यापर्यंत उतरते. एक चढणारा, एक उतरणारी, आणि वाट एकच. त्या वाटेवर पन्नासच्या दशकात काकरापारचा बंधारा आला, १९७२ साली उकाई धरण पुरं झालं आणि १९९५ साली सुरतेत सिंगणपोरचा बंधारा उभा राहिला. शहराला प्यायला पाणी हवं होतं आणि भरतीला बाहेर थोपवायचं होतं. गरज खरीच होती. पण मैलोन्‌मैल हळूहळू खारट होत जाणारं पाणी त्या दिवसापासून भिंतीच्या दोन बाजूंना वाटलं गेलं. अलीकडे गोडं, पलीकडे खारं. मधलं जे होतं, ते गेलं.

गेलेल्याची मोजदाद करणं हेही एक शोककर्मच. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, गोड्या पाण्यात जवळपास शून्य. या दोन टोकांमधला खाडीचा आकडा दर घटकेला हलतो. म्हणून एका बाटलीवर विसंबता येत नाही. भरतीला मोजावं, ओहोटीला मोजावं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि अष्टमीच्या भांगातही मोजावं, वरचं पाणी घ्यावं आणि तळाचंही. त्याच जागी, वर्षानुवर्षं. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तितक्या चिकाटीने. आणि खारटपणा कळला म्हणजे सगळं कळलं असंही नाही. विरघळलेला प्राणवायू पाहावा लागतो, तळाचा चिखल चाळून त्यातले किडे आणि शिंपले मोजावे लागतात. पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. चिखलातले जीव मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतात, कारण त्यांना पळून जाता येत नाही.

मीठ आम्हाला परकं नाही. चांगदेवला तापीला मिळणारी पूर्णा वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्यातून येते. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, ते दिलं तर काळी जमीन बिघडते, आणि रब्बीचा हरभरा मातीत मुरलेल्या ओलाव्यावरच काढावा लागतो. खारं झालेलं पाणी माणसाचं काय करतं, हे त्या गावांना विचारावं. मुखाशी काय होत असेल ते समजायला आम्हाला समुद्रापर्यंत जायची गरज नाही.

धरणांना शिव्या देणं मला जमणार नाही. रावेर-यावलची केळी पाण्यावर उभी आहे, आणि त्या केळीवर कितीतरी घरं. हतनूर धरण भरलं की भुसावळला हायसं वाटतं. पण समुद्राला गेलेलं पाणी वाया गेलं, असं आमच्या सभांमधून जेव्हा ठासून सांगतात, तेव्हा मला पाला आठवतो. खाडी फार मागत नाही. थोडं मागते, पण रोज. आम्ही तिला आठ महिने कोरडं ठेवतो आणि मग सगळं एकदम सोडतो. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि सुरत बुडाली. एवढं गोडं पाणी एका लोंढ्यात अंगावर आलं की निमखाऱ्यातले शिंपलेही तगत नाहीत. पाणी नदीच्या पोटातून गाळही न्यायचं. तो आता धरणांच्या तळाशी बसतो, आणि गिरणेची वाळू तर ट्रॅक्टरवर बसून भलतीकडेच जाते.

पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, हे जळगाव-धुळ्याच्या पेपरांत छापून येतं. त्याच बातमीखाली तापीच्या मुखाशी आज खारटपणा किती आहे, एवढा एक आकडा यावा. श्रावणात आला नाही तरी चालेल. मे महिन्यात मात्र रोज यावा, दरवाजे बंद असतात तेव्हा.